खोल सोफा

होणाऱ्या जावयाच्या, सौरभच्या, घरात पाऊल टाकलं आणि समोरचा सोफा बघूनच त्रिवेणीबाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. गुडघ्यांपेक्षा खाली, मऊ, आत ओढून घेणारा. यात बसलो तर उठणं आपल्या हातात नाही, हे त्यांनी ओळखलं.

सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं होतं. कंप मात्र कुठेच नव्हता. मांड्यांतलं बळ तेवढं सरत चाललं होतं. जामबागच्या शाळेत तीस वर्षं उभ्याने शिकवलेल्या बाईंना आता खुर्चीतून उठायलाही दोन-तीनदा जोर लावावा लागे. "तुझं लग्न ठरेपर्यंत कुणाला सांगू नक्को," असं त्यांनी लेकीला, रसिकाला, बजावलं होतं.

"बसा ना," सौरभची आई, सुनंदाताई, म्हणाल्या.

"हौ, बसते की."

पण त्या बसल्या नाहीत. भिंतीवरचे फोटो पाहिले. बाल्कनीत जाऊन आल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पोह्यांचं कौतुक केलं. चहाही उभ्यानेच घेतला. रसिका कपात बघत राहिली.

"आमचं घर आवडलेलं दिसत नाही तुम्हाला," शेवटी सुनंदाताई बोलल्याच.

सौरभचा चेहरा उतरला. त्रिवेणीबाईंचे पाय एव्हाना लटपटायला लागले होते. आता बसावं, नाहीतर पडावं. त्या बसल्या.

निघायची वेळ झाली. त्यांनी पाय मागे घेतले, पुढे वाकल्या, जोर लावला. अर्ध्यातून मागे पडल्या. पुन्हा. तिसऱ्यांदाही तेच. सौरभ हात धरायला धावला.

"ओढू नका. डायनिंगची एक खुर्ची आणून समोर धरा." खुर्चीच्या बैठकीवर हात रोवून त्या एकदाच्या उठल्या, धापा टाकत. "मला कंपवात आहे. पाय साथ देत नाहीत. लपवणार होते."

मग सुनंदाताईंनी विचारलं, "हे पुढच्या पिढीत येतं का?"

"डॉक्टर म्हणाले, बहुतेकदा नाही. पण मी शपथेवर कसं सांगू?"

परतताना टॅक्सीत रसिका एकच वाक्य बोलली, "आधीच सांगायला हवं होतं, आई."

पुढचे चार दिवस फोन नाही. डॉक्टरांनी रोज दहाच उठाबशा सांगितल्या होत्या. त्रिवेणीबाई वीस करत. या खोलीतून त्या खोलीत जात, फोनकडे बघत. सौरभचे रसिकाला मेसेज येत होते, पण घरचा निरोप नव्हता.

पाचव्या दिवशी सुनंदाताईंचाच फोन आला.

"राग आला होता मला. आजाराचा नाही, लपवलंत त्याचा."

"बरोबर आहे तुमचं. चुकलंच माझं."

"मी आमच्या डॉक्टरांना विचारलं सगळं. भीती पूर्ण गेली असं नाही म्हणणार. पण पोरं ऐकायची नाहीत, आणि मलाही हे लग्न मोडायचं नाहीये. रविवारी तारीख काढायला येऊ?"

"या," त्रिवेणीबाई कशाबशा म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी रसिकाला हाक मारली. ती येण्याची वाट न बघता, भिंतीचा आधार घेत स्वतःच तिच्या खोलीकडे निघाल्या.