डॅडच्या बिअरचा आकडा

डॅडला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणी "अगं, पण बिचाऱ्याची पहिलीच वेळ" वगैरे म्हणायला नको.

त्या शनिवारी साडेतीनला आमची नेटबॉलची फायनल होती, गाडीनं चाळीस मिनिटांवर. मी गोल डिफेन्स, म्हणजे समोरच्या शूटरला अडवणारी. टीम सकाळीच गेली. टीमच काय, अख्खं गाव गेलं. मी तेवढी मागे राहिले, कारण डॅडनं आयुष्यात पहिल्यांदा घरी केलेली बिअर त्या दुपारी उघडायची होती. "टॅम, तू नसलीस तर काय मजा? आकडा तूच तर काढलायस," असं तो म्हणाला आणि मी विरघळले.

आकडा मीच काढला होता. केमिस्ट्रीत मी वर्गात पहिली आलेय, तेव्हापासून या घरातली मोजामापी माझ्याकडे असते. काम सोपं असतं. जड बुडाची, आकडे छापलेली काचेची नळी बिअरमध्ये तरंगवायची. साध्या पाण्यात ती हजारावर थांबते. साखर असली की वर उचलली जाते, यीस्टनं साखर खाल्ली की खाली बसते. यीस्ट घालण्याआधीचा आकडा आणि शेवटचा आकडा, यांच्यातल्या फरकावरून अल्कोहोल किती ते कळतं. आधीचा आकडा डॅडनं घेतला, कारण मी प्रॅक्टिसला गेले होते: १०३०. शेवटचा मी घेतला: १००६. उत्तर आलं ३.१ टक्के. म्हणजे अगदी सौम्य. मी प्रत्येक बाटलीवर मार्करनं ३.१ लिहिलं आणि खाली सही ठोकली. सही!

मम नर्स आहे. शेतांवर राहणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटांकडे दिवसभर गाडी घेऊन फिरते. लायसन्स गेलं तर तिची नोकरी गेली, इतकं साधं आहे ते. म्हणून जेवायला बसताना तिनं बाटली हातात धरून मला विचारलं, "टॅम, नंतर गाडी मी चालवणारेय. ३.१ म्हणजे ३.१ ना?"

"शंभर टक्के," मी म्हटलं.

तिनं पाऊण लिटरची अख्खी बाटली संपवली. डॅड आणि त्याचा भाऊ मर्व्हकाका तर तिसरीवर होते. सॉसेज, बीट, बटाट्याचं सॅलड, आणि "वा लायल, वा!" असा डॅडच्या नावाचा गजर.

दोन वाजून गेल्यावर मी शेडमध्ये बूट आणायला गेले. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात डॅडचा बिअर बनवायच्या माल्टच्या पाकाचा रिकामा डबा होता आणि त्याखाली साखरेची दोन पाकिटं. एकेक किलोची. डॅडनं मला एक किलो सांगितलं होतं.

डब्याच्या मागे तक्ता छापलेला होता: एक डबा, एक किलो साखर, तेवीस लिटर पाणी, आकडा १०३८. एका किलोलाच १०३८! मग दोन किलो घालून १०३० येईलच कसा? मी फोनवर हिशेब केला. १०५५ यायला हवा होता. म्हणजे ६.४ टक्के. दुपटीच्याही वर.

मी बूट तिथेच टाकून पळत आले. "डॅड, साखर किती घातलीस?"

"दोन. मर्व्ह म्हणाला, एका किलोनं काय होतंय."

"आणि सॅम्पल कुठून घेतलंस?"

"वरून. सूपच्या डावानं. का गं?"

"आधी ढवळलं होतंस?"

"कशाला? पाइपनं पाणी सोडलं की मिसळतंच ते."

"नाही मिसळत! पाक जड असतो, सगळा बुडाशी बसला होता. तू नुसतं वरचं पाणी मोजलंस! ही ६.४ आहे!"

मर्व्हकाकानं टेबलावर थाप मारली. "घ्या! प्रोफेसरीणबाई, मघाशी ३.१ होती, आता आमच्या पोटात जाऊन वाढली होय?"

डॅड हसला. खो खो हसला. "तरीच मला एवढं छान वाटतंय!"

मला तो टेबलक्लॉथ सगळ्या ताटांसकट ओढावासा वाटला. चूक झाली म्हणून नाही. चूक माझीही होती, न विचारता सही केली ती मीच. पण हे हसत होते, आणि त्यांच्या मधोमध मम उठून पर्स शोधत होती.

"मी ठीक आहे, टॅम. डोकं एकदम शांत आहे. चल, उशीर होतोय."

किल्ल्या हुकवर होत्या. मी आधी पोचले आणि मुठीत घेतल्या.

"तू नाही चालवायचीस."

"फायनल तुझी आहे ना गं?"

"लायसन्स तुझं आहे!"

"अगं, त्या रस्त्यावर आज चिटपाखरू नसेल," डॅड म्हणाला. "सगळे मॅचला गेलेत. उगाच नाटकं नकोत."

"तू दोन किलो घालून एक सांगितलंस, ढवळलं नाहीस, आणि नाटकं माझी?" मी एवढ्यानं ओरडले की मर्व्हकाकाचा काटा हातातून पडला. "मी या आकड्यावर ममला शंभर टक्के म्हटलं, डॅड! तिनं मला विचारलं होतं, तुला नाही!"

मी त्यांच्यासमोरच आमच्या कोच ब्रॉनवेनला फोन लावला. "मी वेळेवर येत नाहीये. इथे गाडी चालवण्याच्या लायकीचं एकही माणूस शुद्धीत नाही." हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. डॅडचे कान लाल झाले.

ब्रॉनवेननं नवऱ्याला, अर्नला, ट्रक घेऊन पाठवलं. मम माझ्याबरोबर बसली. रस्ताभर अर्ननं रेडिओही लावला नाही, शहाणा माणूस.

पोचले तेव्हा तिसरा क्वार्टर संपत होता आणि आम्ही सात गोलांनी मागे होतो. ब्रॉनवेननं मला शेवटच्या क्वार्टरला उतरवलं. समोरच्या शूटरला मी गोलच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. तिची काही चूक नव्हती, पण त्या दिवशी माझ्यासमोर जो येईल त्याचं काही खरं नव्हतं. तीन गोलांनी हरलो.

ट्रककडे परत येताना डॅडचा मेसेज आला. "पोलीस होते का रस्त्यात?"

मी ममला दाखवला. तिनं अर्नकडे पाहिलं. अर्ननं नकारार्थी मान हलवली. येताना कुणीही नव्हतं.

"नव्हते," मी लिहिलं.

लगेच उत्तर. "मग बघ! उगाच घालवलीस फायनल."

मी फोन फेकणारच होते, पण ममनं तो माझ्या हातातून घेतला आणि त्याला सरळ फोन लावला. "लायल," ती अगदी हळू म्हणाली, आणि ती हळू बोलते तेव्हा घरातलं मांजरसुद्धा बाहेर जातं. "सोमवारी सकाळी मला पेशंटकडे जायचंय, माझं लायसन्स गेलंय आणि त्या माणसाला माझ्याशिवाय कुणी नाही. ते डोळ्यासमोर आण. आण, आणि मग पुन्हा म्हण, उगाच."

पलीकडून डॅड काहीतरी पुटपुटला. "सॉरी"सारखं काहीतरी.

"मला नको सांगूस," मम म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला.

मी घेतला नाही.