कांद्याचं कडं

सरकारी खरेदी केंद्रात माल तपासणारीच्या टेबलामागे एकाच खिळ्याला दोन लोखंडी कडी टांगलेली असत. पंचेचाळीस मिलिमीटरचं बटाट्याचं, पन्नासचं कांद्याचं. निम्म्याहून जास्त बटाटे कड्यातून खाली पडले, तर क्रेट परत. पास झालेला माल मागच्या वस्तीतल्या मोफत जेवणाच्या स्वयंपाकघरात जाई.

रंगरंगोटीत कड्यांवरचे आकडे बुजले होते. सोमवारी सकाळी तिने हातातल्या कड्याला सहज मापाचा व्हर्नियर लावून पाहिला, तर माप पन्नास भरलं. गेला आठवडाभर ती बटाटे कांद्याच्या कड्यातून पाडत होती. बाकीच्यांचा माल मोठा, म्हणून निभावलं. एका मावशींचे मात्र तिन्ही क्रेट परत गेले होते. मावशींनी हूं की चूं केलं नव्हतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात शेवटच्या वीस ताटांत नुसता भात पडला होता.

दुपारी मावशींची मुलगी आली. खरेदी योजनेचं आईचं कार्ड टेबलावर ठेवून म्हणाली, "हे जमा करून घ्या. आई गेली. गुरुवारी."

कांद्याचं कडं मुकाट्याने खिळ्याला अडकवलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तपासणारीने ते मुलीसमोर ठेवलं.

"चूक माझी होती. त्यांचा माल बरोबर होता."

"ठाऊक होतं तिला. घरी तारेचं कडं आहे. एकेक बटाटा मोजून भरायची."

"मग बोलल्या का नाहीत?"

"मीही तेच म्हटलं, आई, भांड की! तर म्हणे, एवढी शिकलेली पोर, तिला चारचौघांत खाली बघायला कशाला लावायचं? पुढच्या खेपेला मोठे नेऊ."

तपासणारीने कार्ड उचललं.

"कार्ड तुमच्या नावावर करून देते. माल आणत जा."

"नको, ताई. मी नाही तिच्यासारखी गप्प बसायची." मुलगी निघून गेली.

मंगळवारी तपासणारीने बटाट्याचं कडं तीनदा मोजलं, मगच काम सुरू केलं. चौथ्या शेतकऱ्याचे निम्म्याहून जास्त बटाटे खाली पडले.

"काका, तुम्ही घरी मोजले होते का?"

"तुम्ही मोजलेत ना, बाई. मग झालं," म्हणत त्याने क्रेट उचलायला हात घातला.

"थांबा," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या बटाट्यापासून मोजू लागली.