मॅडमवर जळणारी रवी

मित्रांनो, दही घुसळून लोणी काढायची मोठी लाकडी रवी तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही नसेल. मी तशीच एक जुनी रवी. सागाचा उंच दांडा, खाली कोरलेलं फूल आणि कमरेला दोराचे दोन वेढे, एवढाच माझा देह. पण या देहात एक वाईट खोड मुरलेली आहे. मी फार हेवा करते. त्या हेव्यापायी मी काय काय मनात आणलं, ते आज तुम्हाला सांगते.

पानशेतच्या धरणाच्या वर, डोंगरात सहा घरांची धनगरवस्ती आहे. कोंडाबाई तिथे नवी सून म्हणून आली, तेव्हा तिच्या सासऱ्याने मला वेल्ह्याच्या सुताराकडून घडवून आणलं. रोज सकाळी मला घुसळखांबाला बांधायचं, दह्याने भरलेल्या मातीच्या डेऱ्यात सोडायचं आणि दोर ओढायचा. माझी घरघर वस्तीभर ऐकू जाई. आवाज जरा जड झाला की कोंडाबाई म्हणायची, "आलं बगा लोनी." तिच्या तुपाचं नाव खाली पानशेतपर्यंत पोचलं होतं आणि त्यातलं निम्मं नाव माझं, असं मी धरून चालले होते.

पुढे कोंडाबाईचे खांदे दुखू लागले आणि दोर तिच्या सुनेच्या, रत्नाच्या हातात आला. रत्नाचा नवरा सावळा दिवसभर म्हशींमागे रानात असायचा. घुसळताना रत्नाला बोलायला मीच. म्हशीचं दुखणं, माहेरची आठवण, गिऱ्हाईक तूप कसं पाडून मागतं त्याचा राग, सगळं ती माझ्यापाशी बोलायची. माझ्याइतकं जवळचं तिला कुणी नाही, असं मला वाटे.

मग मॅडम आल्या.

त्यांचं नाव सौदामिनी. राहायला भोरला. त्यांनी घरात मिरच्या कांडून मसाल्याचा धंदा सुरू केला होता आणि आता त्यांचा छोटासा कारखाना होता. दर गुरुवारी वेल्ह्याला येऊन त्या धंदा करू पाहणाऱ्या बायकांचा वर्ग घेत. एकदा रत्ना भीत भीत त्या वर्गाला गेली आणि परत आली ती उड्या मारतच.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "मॅडम म्हनल्या, भाव सांगताना खाली बगायचं न्हाई. मला समद्यांपुढं हुभं केलं. म्या खाली बगितलं की म्हनायच्या, परत सांग. सात येळा सांगाय लावलं!"

"आन् आठव्यांदा?"

"आठव्यांदा त्यांच्याच डोळ्यात बगून सांगितलं."

कोंडाबाई तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून रत्नाचं माझ्याशी बोलणं आटलं. दोर ओढताना ती मॅडमचे धडे घोकायची. गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर काय बोलायचं, कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं. हात माझ्या दोरावर आणि मन वेल्ह्याच्या वर्गात. मी इतकी वर्षं या घराला लोणी काढून दिलं आणि ही बाई चार गुरुवारांत माझी रत्ना घेऊन गेली! बुधवार आला की मी मनात म्हणे, उद्या वेल्ह्याला जाणारी जीप बंद पडू दे. मॅडमना सणसणीत पडसं होऊ दे. जीप एकदाही बंद पडली नाही.

पानशेतला इंद्रजित नावाच्या माणसाचं जेवणाचं हॉटेल आहे. धरण बघायला येणारे पुण्याचे लोक तिथे जेवतात. रत्ना त्याच्याकडे गेली, मान वर ठेवून भाव सांगितला, आणि त्याने दिवाळीच्या गर्दीसाठी वीस किलो तूप मागितलं. वस्तीत एवढं तूप एका घराने कधी दिलं नव्हतं. मॅडमनी सुचवलं, "एवढं हाताने होणार नाही. यंत्र घे." थोड्याच दिवसांत एक खोकं डोंगर चढून आलं. आत होती विजेची रवी. नावसुद्धा माझंच! बटण दाबलं की ती भुंग्यासारखी गुणगुणायची. मला गोठ्याच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं आणि माझ्या पाकळ्यांत कोळ्यांनी जाळी विणली.

रत्नाने बाकीच्या पाचही घरांतून साय जमवली, एकत्र केली, घुसळली आणि तूप कढवलं. डबे भरून पानशेतला गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. जीपवाल्याने इंद्रजितचा निरोप सांगितला, "तुपाला वास मारतोय. गिऱ्हाइकापुढं ठेवता येत न्हाई."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. भिंतीवरून उडी मारावी इतका आनंद झाला. जिरली मॅडमची, जिरली त्या गुणगुणणारीची!

तेवढ्यात रत्ना गोठ्यात आली. रिकाम्या घुसळखांबाला टेकून बसली आणि आवाज न करता रडू लागली. बाहेर शेजारची धोंडाबाई मोठ्याने ऐकवत होती, "आमची साय मातीत घातली हिनं. शिकायला निघाली!" सावळा दारात आला आणि म्हणाला, "बास झालं आता. आपलं होतं तेच बरं होतं."

रत्ना म्हणाली, "व्हय. न्हाई जात म्या आता वर्गाला."

मला नेमकं हेच हवं होतं. पण ते ऐकून माझ्या लाकडात काहीतरी तडकल्यासारखं झालं. ती माझ्याकडे परत आली नव्हती. ती नुसतीच मोडली होती.

त्या गुरुवारी रत्ना गेली नाही. दुसऱ्या दिवशी सौदामिनीबाई स्वतः डोंगर चढून आल्या. घामाघूम झालेल्या. रत्नाला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. बाईंनी एक डबा उघडला, वास घेतला आणि थेट कोंडाबाईजवळ जाऊन बसल्या.

"कोंडाबाई, हे कशानं झालं असेल?"

"मला कुनी इचारलं का आदी?" कोंडाबाई फणकारली. "पाच घरची साय. कुनाची कालची, कुनाची आठ दिसांची. येक येक भांडं हुंगून घ्यावं लागतंय. तुमच्या मशीनीला नाक हाये व्हय?"

बाईंनी डब्याला झाकण लावलं. मग रत्नाकडे वळून म्हणाल्या, "चूक माझी आहे गं. यंत्र घे म्हणून मी सांगितलं. पण या घरात तुपाची पारख कुणाला आहे, हे मी विचारलंच नाही. माझा धडा अपुरा होता."

मी कान टवकारले. शिकवणारी बाई शिकणारीपुढे असं बोलेल, असं मला वाटलं नव्हतं.

"मॅडम, तुमीच बोला आता इंद्रजितशेठशी," रत्ना म्हणाली.

"मी नाही. तूप तुझं आहे, तूच बोल. मी शेजारी उभी राहते."

मोबाईलला रेंज गोठ्यामागच्या खडकावरच मिळते. रत्ना खडकावर चढली. तिचा आवाज आधी कापला, मग सरळ झाला. "शेठ, डबे म्या परत घेतले. चूक आमची हाये. आठ दिस द्या. नवं तूप आनते. पसंत पडलं तरच ठेवा." पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण ती खडकावरून उतरली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

दुसऱ्या सकाळपासून कोंडाबाई दारात पाटावर बसली. येणारं प्रत्येक भांडं हुंगायची. धोंडाबाईची साय तिने सरळ परत पाठवली. "ताजी आन, मग घेते." धोंडाबाई पाय आपटत गेली आणि संध्याकाळी ताजी साय घेऊन आली.

पाचव्या दिवशी वीज गेली. डोंगरात ती गेली की कधी येईल, याचा भरवसा नसतो. गुणगुणणारी मुकी झाली. रत्नाने मला भिंतीवरून उतरवलं, गरम पाण्याने घासलं आणि घुसळखांबाला बांधलं. काम ढीगभर होतं. रत्ना थकली की सावळा ओढी. बाईही त्या दिवशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सरक रत्ना, मला दे."

"दोर वडा मॅडम, वडा! नुसतं धरू नका," कोंडाबाई ओरडली.

मी ठरवलं होतं, या बाईच्या हातून नीट फिरायचंच नाही. पण दोर ताणला गेला आणि मला तिचे तळवे कळले. कडक, घट्टे पडलेले. मिरच्या कांडून कांडून झालेले. असेच हात मी आयुष्यभर ओळखत आले होते. मग मी हट्ट सोडून फिरले.

आठव्या दिवशी तूप पानशेतला पोचलं. इंद्रजितने बोटभर चाखलं आणि दर महिन्याला लागेल म्हणून सांगितलं. आता माझी जागा मला मिळाली, असं मी समजले. पण वीज आली आणि मी पुन्हा खिळ्यावर. हेवा पुन्हा सुरू! खोड अशी एका दिवसात जात नाही, मित्रांनो.

दोन वर्षं गेली. आता रत्ना स्वतःच नव्या बायकांच्या घरी जाऊन त्यांना धंदा शिकवते. आंबवड्याच्या वरच्या अंगाला मोहिनी नावाची एक पोर आहे. दोन म्हशी, मोठी उमेद आणि घुसळायला लहानशा पातेल्यातली एक हातरवी. रत्ना घरी येऊन म्हणाली, "आत्या, आपली रवी तिला देऊ?"

कोंडाबाईने मला मांडीवर घेऊन तेल चोळलं. "दे," ती म्हणाली. "हितं टांगून वाळत्येय. तितं लोनी तरी काडील."

वाटभर मी रुसून होते. मला देऊन टाकलं! पण मोहिनीने दोर ओढला, आणि इतक्या दिवसांनी माझी घरघर एका नव्या गोठ्यात घुमली. रत्ना बाजूला उभी राहून तिला सांगत होती, "हळू, घाई न्हाई." तेव्हा मला कळलं, की रत्नाला कुणी माझ्यापासून तोडून नेलं नव्हतं. ती मोठी झाली होती, एवढंच.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू खिळ्याला लटकत असेल. नवं यंत्र जरूर आणा. पण जुनीला शोभेसाठी टांगू नका आणि अडगळीतही फेकू नका. तिला पुसा, तेल लावा आणि जिला तिची गरज आहे तिच्या दारी पोचवा. उद्या मोहिनीकडेही विजेची रवी येईल. मी जळेन, हे आत्ताच सांगते. पण जळत असतानाही पुढच्या घरी जायला मी तयार असेन.