उलटी हलगी

"ऐका हो ऐका! येत्या बाजारी, तिसऱ्या पहरी, चावडीम्होरं कंपनीचं बिनतारी यंत्र उघडनार हाय हो! तार न्हाई, खांब न्हाई, हैदराबादचा आवाज हितं ऐकू येनार हाय हो!"

शेवटची थाप मारून आसारामनं हलगी काखेत धरली. कल्हईवाला कय्युम परातीवर राख चोळत होता. मान वर न करताच म्हणाला, "काय बे, दोन बाजार झाले. आता तरी उघडतंय का ते?"

"कंपनीचा मुखत्यार म्हनतोय उघडनार. तो म्हनतोय तेच मी वरडतोय."

"त्यात जिन हाय. मी सांगतो. म्हनून तर पेटीला लाखेच्या सात मोहरा मारल्यात."

किराणावाला त्रिंबक म्हणाला, "जिन कशाचा? सरकार आपलं घरातलं बोलनं ऐकनार त्यातून. मी तर बायकोसंगं बी खुनंनंच बोलाया लागलोय." भगवानराव मास्तरांनी हवेतल्या लाटांचं काहीतरी समजावून सांगितलं. तेव्हा कय्युम म्हणाला, "मास्तर, आपल्या नदीला पानी न्हाई अन हवेत लाटा कुठून येतील?" सगळे खदाखदा हसले.

त्या साली आमच्या गावात दुसरा विषयच नव्हता. केजच्या वाटेवरचं आमचं गाव, अंमल निजामाचा. हैदराबादच्या कुण्या कंपनीचा मुखत्यार बैलगाडीतून एक पेटी घेऊन आला आणि पाटलाच्या माडीवर उतरला. काळी शेरवानी, दाताला सोन्याची कड. पेटी चावडीच्या खोलीत कुलपात ठेवलेली. गाडीतून उतरवताना तिचं एक टोक आसारामनं धरलं होतं. म्हणून लोक त्यालाच विचारत, जड होती का, हलत होती का, आतून काही बोललं का. आसाराम म्हणायचा, "माझ्या डोळ्यानं बघितलं न्हाई ते मी सांगत न्हाई."

हे त्याचं नुसतं बोलणं नव्हतं. आमच्याकडे रिवाजच होता. दवंडी खोटी ठरली तर ती देणाऱ्यानं हलगी उलटी धरायची, कातडं छातीकडे आणि पोकळ बाजू लोकांकडे, आणि जिथं जिथं दवंडी दिली तिथं तिथं तोंडातून शब्द न काढता फिरायचं. आसारामच्या बापावर एकदा ही पाळी आली होती, तीही दुसऱ्याच्याच चुकीनं. त्यानंतर वर्षभर म्हातारा मान वर करून चालला नाही. आसारामच्या तीस वर्षांत मात्र एकही दवंडी खोटी गेली नव्हती; पेटीची दोनदा पुढं गेली होती, पण पुढं गेलेली दवंडी खोटी धरत नसत. त्याला गावात कुणी ओसरीवर चढू देत नसे. पाणी वरून ओंजळीत मिळायचं. पण त्याचा शब्द सगळ्यांच्या माजघरापर्यंत जायचा. त्या शब्दाशिवाय त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

गर्दी पांगली तशी भिवराबाई पुढं आली. तीन कोसांवरच्या वस्तीवरची म्हातारी. तिचा सुग्रीव दोन वर्षांमागं हैदराबादला दगडकामावर गेला, तो गेलाच. ना निरोप, ना सांगावा. पहिल्या दवंडीच्या वेळी तिनं आसारामला विचारलं होतं, "त्या पेटीतून माझ्या सुग्रीवचा आवाज यील का रं?" आसाराम मुखत्याराकडे गेला आणि विचारून आला. मुखत्यार हसला होता. "आएगा, आएगा. सबका आएगा." आसारामनं येऊन तिला सांगितलं, "यील म्हनत्यात, माय."

तेवढ्यावर म्हातारी दोन्ही बाजारांना अनवाणी आली होती. आज तिसऱ्यांदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते म्होरल्या बाजारी. तू सांगितलंस म्हंजी खरंच आसंल."

पुढच्या बाजारी चावडीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक झाडावर चढले. भिवराबाई सगळ्यांत पुढं, डोईवरचा पदर नीट करून बसलेली, जसं काही पोरगा पेटीतून बघणारच होता. ऊन कललं. मुखत्यार पान चघळत ओट्यावर आला आणि म्हणाला, "वरून हुकुम नहीं आया. मशीन में थोडा काम बाकी है. अगले बाजार को."

पाटलानं लगेच हात केला. "आसाराम, सांग. म्होरल्या बाजारी."

आसाराम हलला नाही.

"ऐकू आलं न्हाई का बे?"

"पाटील, एक डाव पेटी उघडून दावा. आत काय का आसंना. आवाज न्हाई आला तरी चालंल. आत यंत्र हाय एवढं माझ्या डोळ्याला दिसू द्या. मग मी दहा बाजार वरडतो."

मुखत्यार खेकसला, "खोलने का नक्को! कंपनी की राज की बात है. तेरे को क्या करना है रे?"

"मला कावून न्हाई करायचं? ही मानसं तुमच्या बोलावन्यानं आली न्हाईत. माझ्या आली. ही म्हातारी तीन कोस चालून आली, तीन डाव आली. पेटी तुमची हाय साहेब, पन तोंड माझं हाय!"

त्याचा आवाज चिरकला. तीस वर्षांत तो पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी ओरडला होता. आणि आम्ही? लाज वाटते सांगायला. आम्ही सगळे गप्प उभे. मास्तर गप्प, त्रिंबक गप्प. पाटलाच्या तोंडाला कोण लागणार?

पाटील म्हणाला, "लई तोंड फुटलंय. दवंडी देतो का हलगी ठिवतो?"

"ठिवतो. पन आधी फिरवून आनतो."

त्यानं सगळ्यांदेखत हलगी उलटी केली, छातीशी धरली आणि चालू लागला. बाजारातून, वेशीतून, एकेका आळीतून. कय्युमच्या दुकानासमोर आला तेव्हा कय्युम हातातलं भांडं टाकून उठून उभा राहिला. बाकी आम्ही पायांकडे बघत होतो. पाप मुखत्याराचं, हुकूम पाटलाचा आणि मान खाली घालायची आसारामनं! पण मान त्यानं खाली घातली नव्हती. बापासारखी नाहीच. ताठ मानेनं तो आसपासच्या वस्त्यांवरही जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी दिवस बुडायच्या आत हलगी चावडीच्या ओट्यावर ठेवली.

पाटलानं ती आसारामच्याच आळीतल्या आश्रुबाला दिली. पुढच्या बाजारी आश्रुबानं ठणठणीत आवाजात दवंडी दिली. पेटी येत्या बाजारी नक्की उघडणार. आसाराम वेशीच्या कडेला अंबाडीचा दोर वळत बसला होता. हलगीचा आवाज आला की त्याची बोटं थांबायची, मग पुन्हा चालायची.

भिवराबाई आलीच. आश्रुबाच्या पुढ्यात उभी राहून तिनं दवंडी सगळी ऐकली. मग वळली आणि वेशीकडे येऊन आसारामसमोर बसली.

"आसाराम, आता तू सांग. खरं हाय का रं?"

आसारामनं दोर खाली ठेवला.

"न्हाई, माय."

म्हातारीनं मान हलवली. सुग्रीवसाठी म्हणून पदरात बांधून आणलेली भाकरी सोडली, अर्धी मोडून त्याच्या हातावर ठेवली, वरून टाकली नाही. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि तीन कोसांच्या वाटेला लागली.