अकरा लाल खुणा

"जुना काढाल तो मला परत हवा," वैशालीने तिसऱ्यांदा सांगितलं.

धाकूमामांनी बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं नाही. "सगले तेच बोलतात, बाय. नेतात, माल्यावर टाकतात, नि दिवालीला भंगारवाल्याला देतात."

"मी नाही देणार."

"मंग घेऊन जा. मी काय कार्बोरेटरची भाजी करनार हाय?"

शेडच्या दारात करंदी निवडत बसलेली मनुबाई, धाकूमामांची बायको, खुदकन हसली. वैशाली हसली नाही. एकोणतीस वर्षं ती कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. लेबल नसलेल्या बाटलीत पाणीच आहे असं कोणी शपथेवर सांगितलं, तरी ती ते तपासल्याशिवाय मोरीत ओतत नसे. माणसांच्या बाबतीतही तिचा नियम फारसा सैल नव्हता.

"बदलायलाच हवा कशावरून?" तिने विचारलं.

आता मात्र म्हातारा सरळ उभा राहिला. इंजिन चालू होतं. धडधडत, मध्येच अडखळत. त्याने तेलाच्या पिचकारीत थोडं पेट्रोल घेतलं आणि कार्बोरेटरच्या बुडाशी, झडपेचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे, दोन थेंब सोडले. इंजिनाचं अडखळणं थांबलं. थेंब उडून गेले तसं पुन्हा सुरू झालं.

"बघितलात? हितून हवा चोरतोय. दांडा झिजून भोक मोठा झालाय. कितीबी स्क्रू फिरवा, स्लोमधे बंद पडनारच."

वैशालीला प्रयोग पटला. तिने तो पुन्हा करून दाखवायला लावला, आणि पुन्हा तेच झालं. मग धाकूमामांनी डेल्कोचं झाकण उघडलं. चारही सिलिंडरना आळीपाळीने ठिणगी वाटणारा तो डबा. आतला दांडा बोटाने हलवून दाखवला. "ह्यो पन डुलतोय. ठिनगी कवा लवकर, कवा उशिरा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवू, कॉइल बदलू. चार दिवस लागतील."

"चार दिवस गाडी इथेच?"

"नाय तर काय, खांद्यावर घेऊन फिरू?"

ती जीप तिच्या नवऱ्याची, रत्नदीपची होती. तो महापालिकेच्या पाणीखात्यात पंप चालवायचा. सरकारी लिलावात त्याने ती घेतली, तेव्हा आतमध्ये गवत उगवलं होतं. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला कळव्याच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर याच जीपवर, सगळ्यांच्या पुढे असायची. बाकी वर्षभर तो एकटाच तिच्याशी खटपट करायचा. "मेकॅनिकच्या हातात गाडी दिली की अर्धीच परत येते," असं म्हणायचा, आणि बॉनेट कुणाला उघडू द्यायचा नाही.

गेल्या वर्षी मिरवणुकीत पुलाच्या पायथ्याशी जीप बंद पडली. सुरू केली, पुन्हा पडली. चौथ्यांदा पोरांनी ढकलत नेली. रत्नदीप स्टिअरिंग धरून मान खाली घालून बसला होता. घरी येऊन एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षी बघ." ऑगस्टमध्ये तो गेला.

परवा मंडळाच्या महेंद्रचा फोन आला होता. "वहिनी, राग मानू नका. पोरं बोलतायत, यावेळी टेम्पो सांगू. लास्ट टाइम काय झालेलं माहितीय ना?"

"रविवारपर्यंत थांबा," वैशाली म्हणाली होती. "त्या दिवशी मी स्वतः चालवून दाखवते. पहिल्या गिअरमध्ये, दोन तास."

म्हणून ती कोलशेतला, धाकूमामांच्या शेडवर आली होती. आणि म्हणूनच आदल्या संध्याकाळी तिने मुलीच्या टेबलावरची लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन, प्रत्येक जागा आधी स्पिरिटने पुसून, गाडीला अकरा ठिकाणी बारीक ठिपके दिले होते. बॅटरीच्या तळाशी, स्टेपनीच्या आतल्या कडेला, डायनॅमोवर, जॅकवर. सात नंबरची खूण कार्बोरेटरच्या बुडाशी, डाव्या स्क्रूजवळ. सगळ्यांची वहीत नोंद केली होती. धाकूमामांना यातलं काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा संपवून ती न कळवता शेडवर आली. बॉनेट उघडं होतं आणि कार्बोरेटरच्या जागी चिंधी कोंबली होती.

"कुठाय तो?"

"घरी नेलाय."

"घरी कशाला?"

"धुवाया."

इथे शेडमध्ये थिनरचा डबा आहे, ब्रश आहे, पत्र्याची परात आहे. मग धुवायला घरी? तिने प्रश्न गिळला, कारण शेडमध्ये अजून एक जण उभा होता. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमधला असावा. बाहेर त्याची जीप उभी होती, आरशासारखी चकचकीत, चिखल कधी न पाहिलेली.

"मामा, तो कार्बोरेटर ओरिजिनल आहे ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "आता मिळत नाय असा पीस. मला द्या ना. डेडच असणार, मला फक्त शोला पाहिजे."

"बघू, प्रितमशेठ," धाकूमामा म्हणाले.

बघू. वैशालीने तो शब्द घरी नेला. रात्रीचं जेवण होईपर्यंत तिने त्याला सगळ्या बाजूंनी तपासलं. 'नाही' म्हणायचं असतं तर माणूस 'नाही' म्हणाला असता.

चौथ्या दिवशी किल्ली अर्धी फिरवताच जीप सुरू झाली. धूर नाही, अडखळणं नाही. बॉनेटवर ठेवलेल्या पान्याचं टोकसुद्धा फारसं थरथरत नव्हतं. धाकूमामांनी फळीवरून सुती फडक्यात बांधलेली वस्तू काढून तिच्या हातात दिली.

"घ्या, तुमचा जुना."

तिने फडकं सोडलं. कार्बोरेटर लख्ख होता. वर्षानुवर्षांचा काळा मेणचट थर गेला होता, पेट्रोल सोडणारे पितळेचे जेट पिवळेजर्द झाले होते. तिने तो उलटा केला. डाव्या स्क्रूजवळ अंगठा फिरवला. नितळ, राखाडी धातू. ठिपका नव्हता.

"हा आमचा नाही."

"नीट बघा, बाय."

"बघितलं. मी खूण केली होती. लाल. इथे." तिचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या गॅरेजमधली माणसं वळून बघायला लागली. नेमका प्रितमही नट-बोल्टांची पिशवी घ्यायला आला होता. तिने त्याच्याकडे बोट केलं. "यांना दिलात ना आमचा?"

"मला?" प्रितम म्हणाला. "मॅडम, तीन दिवस मागून थकलो मी. हात पण लावू दिला नाय यांनी."

हे असंच बोलणार, तिला वाटलं.

धाकूमामांनी तिच्याकडे बघितलं, मग दारातल्या मनुबाईकडे. मनुबाई काहीतरी बोलायला उठली होती. त्यांनी हातानेच तिला थांबवलं. "नाय तुमचा, तर हितं ठेवा," ते म्हणाले. "माझा बी नाय तो."

वैशालीने तो फळीवर ठेवला आणि जीप घेऊन निघाली. कळव्यापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही, याचासुद्धा तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, परीक्षा आटोपली. दरवर्षीप्रमाणे ती चंचुपात्रांवरचे परीक्षा क्रमांक पुसायला बसली. काचेवर टिकावेत म्हणून ते नेलपॉलिशनेच लिहिलेले असत. ही युक्ती तिचीच. कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचा आणि एकदा फिरवायचा, पुरे. पहिला क्रमांक गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला बोळा लाल झाला आणि तिचा हात थांबला.

धुवाया, असं म्हणाले होते ते. थिनरने. थिनर उघडल्यावर येणारा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास ती एकोणतीस वर्षं ओळखत होती. त्यात तिची खूण टिकणं शक्यच नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोराने सांगितलं असतं.

तिने उरलेली पात्रं तशीच ठेवली आणि जीप घेऊन कोलशेत गाठलं.

कार्बोरेटर फळीवर तिथेच होता. खाडीची खारी हवा लागू नये म्हणून त्याच्यावर कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबर लावलं होतं.

"मामा," ती म्हणाली. "माझी खूण थिनरने गेली."

"जानारच." धाकूमामा एका होडीचं इंजिन खोलत होते. पूर्वी ते तेवढंच काम करायचे. खाडीतली मासळी कमी झाली तशा होड्या गेल्या आणि जीपा आल्या. "मनुबाई धुते. माझ्या डोल्यांना आता जेटची बारीक भोकं दिसत नाय. ती घरी उजेडात बसून सुईनं करते."

"तुम्हाला ठिपका दिसला होता?"

"सगले दिसलेले. बॅटरीखालचा पन. तिला बोललो, त्यो लाल ऱ्हाऊ दे. ती बोलली, नवऱ्याची वस्तू हाय, डाग ठेवून कशी देऊ बायला?"

"मग काल का नाही बोललात?"

"काल तुमी इचारत नव्हतात. सांगत होतात."

धाकूमामांनी हात पुसले, पिशवी काढली आणि कार्बोरेटर उजेडात धरला. "एक इचारू? मालक डावखुरे होते?"

"हो. तुम्हाला कसं...?"

"ही तार." चोकच्या खटक्याला खिळीऐवजी एक बारीक तार पिळून बसवली होती. "पील उलटा हाय. उजव्या हाताचा मानूस असा नाय पिलनार. नि तार कसली हाय? एवढ्या वर्षांत गंज नाय. म्हनून मनुबाईला बोललो, हिला हात लावू नको."

वैशालीने कार्बोरेटर हातात घेतला. खिळी तुटली तेव्हा रत्नदीप रविवारभर शोधत बसला होता. सोमवारी तिनेच प्रयोगशाळेच्या टाकाऊतला वीतभर तुकडा आणून दिला होता. तो म्हणाला होता, "ही माझ्यानंतरही राहील बघ." काल ही तार तिच्या नजरेसमोर होती. वहीत मात्र तिची नोंद नव्हती.

"नायक्रोम," ती म्हणाली. "ज्योतीत धरली तरी जळत नाही."

तिने पर्समधून अ‍ॅसिटोनची छोटी बाटली आणि कापूस काढला. जीपचं इंजिन निवेपर्यंत थांबली, मग वही उघडून एकेक खूण पुसत गेली. डायनॅमो. जॅक. स्टेपनीची आतली कड. धाकूमामा पाठ करून आपलं काम करत राहिले.

"एखादी तरी ऱ्हाऊ द्या," मनुबाई दारातून म्हणाली. "गारीला नजर लागंल."

"आम्ही नजर मानत नाही, मनुबाई."

"मंग पुसा, पुसा."

बॅटरीच्या तळाशी मात्र तिचा हात पोचेना. धाकूमामा उठले, पट्टी सैल करून त्यांनी बॅटरी वर उचलली आणि ती पुसून होईपर्यंत दोन्ही हातांनी तोलून धरली.

रविवारी महेंद्र शेजारी बसून दोन तास फिरला आणि उतरताना म्हणाला, "टेम्पो कॅन्सल, वहिनी."

चौदा एप्रिलच्या संध्याकाळी पुलाच्या पायथ्याशी मिरवणूक मंदावली. पुढे महेंद्र शिट्टी वाजवत होता, मागे ढोल. डॅशबोर्डखालच्या खणात मनुबाईच्या फडक्यात बांधलेला कार्बोरेटर होता. गेल्या वर्षी जिथे पोरांनी हात लावला, तिथेच गाडी आली, आणि वैशालीला एकदम वाटलं, बंद पडली. रत्नदीप असताना इंजिन दर दोन-तीन ठोक्यांनी अडखळायचं. इतकी वर्षं गाडी चालू आहे हे तिला त्या अडखळण्यावरूनच कळायचं. आता तसं काहीच ऐकू येत नव्हतं.

तिने डावा तळवा गिअरच्या दांड्यावर ठेवला. आत बारीक, एकसारखी थरथर होती.

गाडी चालू होती. तिने हात तिथेच ठेवला.