प्राणतेल आणि कॉम्प्रेशनची सुई

"चढली! सुई चढली!"

टॅक्सीतळामागच्या मोकळ्या जागेत जमलेली दीड-दोनशे माणसं एकदम ओरडली. मागच्यांना काही दिसत नव्हतं, पण ओरडण्यात ते मागे नव्हते. मधोमध पाववाल्याची जुनी मोटार बॉनेट उघडून उभी होती आणि इंजिनावर हात ठेवून, डोळे मिटून यंत्रयोगी उभा होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र झगा. म्हणे तीस वर्षं इंजिनांची सेवा केली, आणि झग्यावर तेलाचा एक थेंब नाही! खरा चमत्कार तोच होता, पण तो कुणाला दिसला नाही.

"माणसाला पाच प्राण, तसे इंजिनालाही पाच," यंत्रयोगी डोळे उघडून म्हणाला. "चार सिलिंडर, चार प्राण. पाचवा प्राण टर्बो, आत जादा हवा कोंबणारा पंखा! लाखो मैल धावून प्राण थकतात. मिस्त्री काय करतो? इंजिन फाडतो. मी फाडत नाही. मी जागवतो!" आणि त्याने सोनेरी, मधासारख्या घट्ट प्राणतेलाची बाटली उंच धरली. "आधी नव्वद. एक चमचा आत, आता दीडशे. मी सांगत नाही, सुई सांगतेय!"

गर्दीच्या कडेला हाताची घडी घालून ताई उभी होती. गेली पंधरा वर्षं ती रस्त्यापलीकडे गॅरेज चालवत होती आणि तळावरच्या निम्म्या मोटारी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. दाब मोजणारं हे सुईचं गेज कसं लावतात हे इथल्या प्रत्येकाला तिनेच दाखवलं होतं. इंजिनाचा स्पार्क प्लग काढायचा, त्या भोकात गेज बसवायचं, स्टार्टर फिरवायचा. पिस्टन हवा किती जोरात दाबतो ते सुई सांगते. सुई खाली म्हणजे इंजिन झिजलं. पैसे काढताना कुरकुरणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सुनवायची, "माझं ऐकू नका, सुई खोटं बोलत नाही." आज तेच वाक्य हा झगेवाला तिच्याच माणसांना विकत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातली थोडी आग स्वतःवरही होती. आपण सगळ्यांना सुई वाचायला शिकवली, पण सुई का चढते ते कधी सांगितलंच नाही.

रांगेत पुढचा नंबर तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा होता. त्याच्या हातात एक पाकीट होतं. त्यात काय आहे ते तिला ठाऊक होतं: नव्या रिंगा, बेअरिंगं आणि टर्बोचा आतला भाग, एवढ्याचे पैसे. काटकसर करून करून तिने यादी एवढ्यावर आणली होती. पिस्टन जुनेच धुऊन घ्यायचे, क्रँकचा दांडा भंगारातून आणून घासून घ्यायचा, सिलिंडर तिने स्वतः घासायचे, मजुरी शून्य. त्या पाकिटात एकदाच पुरेल एवढंच होतं.

"दादा, ते पाकीट खिशात ठेव."

"तू मध्ये पडू नकोस."

"इंजिन उघडायचं ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय तुझं!" दादा दबक्या आवाजात खेकसला. "तुला दोन आठवडे लागणार. दोन आठवड्यांत हिच्या सहा फेऱ्या. डोंगरापलीकडचं हॉस्पिटल, बसमध्ये हिला उभं राहवत नाही. कशी नेऊ? खांद्यावर बसवून? हा पाच मिनिटांत करतोय."

दादाच्या मोटारीच्या मागच्या सीटवर वहिनी बसली होती. आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस असायचं. दादाचं गणित चुकलेलं नव्हतं. नाडलेल्या माणसाला नेमकं कुठे पकडायचं हे या झगेवाल्याला बरोबर कळत होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

ती गर्दी सारून पुढे गेली. "योगीबुवा, दादाच्या मोटारीवर आधी माझा प्रयोग. मग तुमचा."

"तू मिस्त्री," यंत्रयोगी गोड हसला. "तुझ्या पोटावर पाय येतो, मी समजू शकतो."

"समजलात ना? मग बाजूला व्हा."

लोक हसले. दादा तिच्यावर डोळे वटारत होता, पण चारचौघांत बहिणीला हाकलणं त्याला जमलं नाही. तिने चारही प्लग काढले, गेज लावलं, दादाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला सांगितलं. सुई नव्वदच्या जरा खालीच थांबली. मग तिने कोपऱ्यावरच्या खानावळवालीला हाक मारली. "काकू, कालचं तळणाचं तेल आहे?"

"आहे की. फेकायलाच काढलंय."

त्या काळ्या, वासाच्या तेलाचा एक चमचा तिने पहिल्या भोकात ओतला. पुन्हा गेज, पुन्हा स्टार्टर. सुई उसळली आणि दीडशेच्या पुढे जाऊन थांबली.

या वेळी मागचेही सुई बघायला पुढे घुसले.

"काय हो, याचं काय नाव ठेवू? वडाप्राण? भजीयोग?" ताईचा आवाज आता चढला होता. "पिस्टनच्या रिंगा झिजल्या की फट पडते आणि त्या फटीतून हवा निसटते. तेल टाकलं की फट घटकाभर बुजते. कुठलंही तेल! म्हणून सुई चढते. गॅरेजात आम्ही हे रोज करतो, ते कशासाठी? रिंगा गेल्यात की नाही हे ओळखायला! सुई चढली म्हणजे आजार नक्की झाला. आणि हा माणूस आजाराची खूण दाखवून तुम्हाला बरं झाल्याची पावती विकतोय!"

"ते तेल आणि हे तेल एक नाही," यंत्रयोगी शांतपणे म्हणाला, पण त्याने बाटली खाली ठेवली होती. "प्राणतेलाचा गुण टिकतो. मात्र दोन महिने गेज लावायचं नाही. अविश्वासाने मोजलं की तेज उतरतं."

"दोन महिन्यांनी तुम्ही कुठल्या गावात असाल?"

आता पाववाला पुढे आला. त्याने पहाटेपासून रांग लावून प्राणतेल घेतलं होतं. तो प्लग परत बसवून मोटारीत बसला आणि म्हणाला, "ताई, मोजायचंच आहे. उतरलं तर उतरू दे तेज." तळाला दोन-तीन चकरा मारून तो दहा मिनिटांनी परत आला. मागे निळ्या धुराचा लोट होता. ताईने प्लग काढून गेज लावलं. सुई नव्वदवर गेली आणि तिथेच राहिली. आत ओतलेलं प्राणतेल जळून त्या धुरातून निघून गेलं होतं.

"पण दुसऱ्यांचा धूर कमी झाला होता," मागून कुणीतरी म्हणालं. "उरलेली बाटली इंजिनाच्या तेलात ओतल्यावर. मागच्या महिन्यात यांनीच बाटली दिली त्या लाँड्रीवाल्याचा झाला होता."

"हो, आठवडाभर!" ताईने खिशातून बोटाएवढी एक लोखंडी दांडी काढून त्या माणसाच्या हातात दिली. मधोमध तुटलेली, तापून निळी पडलेली. "ही त्याच्याच टर्बोची. हा पाक इंजिनात घातला की तेल घट्ट होतं, धूर थोडे दिवस दबतो. पण टर्बोला तेल नेणारी नळी एवढीशी बारीक असते. तिच्यातून हा पाक जातो का? टर्बो कोरडा फिरला आणि ऐन चढावर तुटला, गाडी जागीच बंद पडली. मागे ट्रक होता. लाँड्रीवाला वाचला, कारण ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला. योगीबुवा, त्या ट्रकवाल्याला कुठला मंत्र दिला होता तुम्ही?"

दादाने पाकीट खिशात सारलं. हॉस्पिटलच्या वाटेवरचा तोच चढ, आणि मागच्या सीटवर वहिनी.

"श्रद्धा नसेल तिथे..." यंत्रयोगीने सुरुवात केली.

"थांबा हो जरा." मोटारीचं दार उघडून वहिनी बाहेर आली. दाराला धरूनच उभी राहिली, आवाजही बारीक होता. "माझं रक्त आठवड्यातून तीनदा मशीन साफ करतं. आत जाताना माझं वजन करतात. बाहेर येताना करतात. दोन दिवसांनी गेले की पुन्हा करतात. चेहऱ्यावर तेज आलंय म्हणून मला कुणी घरी सोडत नाही. आणि पुन्हा मोजू नका असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे मी पाऊलही टाकणार नाही. तुम्ही मोटारी कशा देता?"

यंत्रयोगी बाटल्या गोळा करायला लागला, तेव्हा पाववाला त्याच्या गाडीसमोर आडवा उभा राहिला. घेतलेले सगळे पैसे परत केल्याशिवाय तिथून कुणी त्याला हलू दिलं नाही.

लोक हळूहळू पांगायला लागले, तशी ताई पुन्हा कडाडली. "कुठे निघालात? चमत्कार बघायला सकाळपासून उभे होतात ना? उन्हात, कामं टाकून? हा माझा भाऊ खुळा नाही. सहा फेऱ्यांसाठी तो या भोंदूच्या दारात आला. रोज तुमच्या शेजारी गाडी लावतो. तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं त्याला, की वहिनींना कसं नेतोस?"

मग तळावरचा सगळ्यात म्हातारा ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाला, "परवाची फेरी माझी." दुसऱ्याने शुक्रवार घेतला. सहा फेऱ्या वाटल्या जायला प्राणतेलाच्या प्रयोगाहून कमी वेळ लागला.

दादाने पाकीट ताईच्या हातात दिलं. "राग आलाय का अजून?"

"आलाय. बराच आलाय." ती गर्दीकडे वळली. "ऐका सगळे. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मी काम करून दिलं की महिन्याने या आणि मोजा. दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊन मोजा. आणि जो कुणी म्हणेल मोजू नका, विचारू नका, नुसतं माना, मग तो इंजिनाचा असो, आजाराचा असो की नशिबाचा, त्याच्या हातात ना मोटार द्या, ना माणूस."

मग तिने दादाला बॉनेटच्या एका बाजूला उभं केलं, आणि दोघांनी इंजिन सोडवायला सुरुवात केली.