त्र्याहत्तर टक्के

नारपोलीच्या त्या गल्लीत कापड विणणारे लूम चालू असतात तेव्हा त्यांचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. थांबला की मात्र माणसं दचकतात. गुरुवारी दुपारी सव्वाबाराला तो एकाएकी थांबला. लाइट गेली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शेवंता खुर्चीतून अर्धवट उठली आणि समोरच्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली. क्षणापूर्वी तिथं लिहिलेलं होतं की त्र्याहत्तर टक्के काम झालंय, कॉम्प्युटर बंद करू नका.

पलंगावर बसलेल्या नागसेननं, तिच्या नवऱ्यानं, डाव्या तळहातानं पलंगाच्या दांडीवर जोरात मारलं. "आता! आता! आता!"

त्याच्याकडे तेवढाच एक शब्द उरला होता. पाच महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची वेळ आली, आणि वाचा गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत." शब्द शोधायला गेला की नागसेनच्या तोंडून 'आता' निघायचं. पाणी हवं असलं तरी आता, पाय दुखला तरी आता, राग आला तरी आताच. शेवंता सुराच्या चढउतारावरून अंदाज बांधायची. सुरुवातीला बराच प्रयत्न करायची. मग दिवसभराच्या कामात, त्याला उठवण्या-बसवण्यात तिची कंबर मोडून गेली, आणि ती अंदाज न बांधताच काहीतरी पुढं करायला लागली. कधी पाणी, कधी चादर.

खरं तर हा कॉम्प्युटर नागसेनचाच. एका कापड कारखान्याच्या ऑफिसात तेवीस वर्षं त्यानं मशीनं सांभाळली होती. गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की तो हातात पेचकस घेऊन जायचा. शेवंता दहावी झालेली, पालिकेच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून राबलेली. तिनं घरातल्या त्या मशीनला धूळ पुसण्यापलीकडं कधी हात लावला नव्हता. पण येत्या रविवारी सगळं सामान पडघ्याला, मुलीच्या घरी जाणार होतं. टेम्पो ठरला होता. आणि सुकन्यानं फोनवर सांगितलं होतं, "आई, त्यावर सारखी सूचना येते ना, सिस्टीम जुनी झाली म्हणून? नव्या सिस्टीमला फक्त हो म्हणून दाब. बाकी आपोआप होतं. इकडे आणलं की पप्पांना लगेच बसता येईल."

सकाळी तिनं हो दाबलं तेव्हा नागसेन पलंगावरून उठून पाय ओढत आला होता. तिची बाही धरली होती. टेबलाखालच्या काळ्या डब्याकडं पुन्हा पुन्हा बोट दाखवत होता. "आता... आता..."

"चहा पायजे? थांबा, हे झालं की ठेवते."

त्यानं मान जोरात हलवली. तिनं विचारलं, "बाथरूमला?" मग तो बाही सोडून परत जाऊन बसला होता.

आता अंधारलेल्या खोलीत तिनं वाकून तो डबा पाहिला. लाइट गेली तर मशीन अर्धा तास चालू ठेवणारी बॅटरी त्यात असायची. ती गेल्या वर्षीच मेली होती. नागसेन सकाळी तेच सांगत होता.

एक वाजता लाइट आली. मशीन सुरू झालं, स्क्रीनवर ठिपके गोल फिरले, आणि ते आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा ठिपके, पुन्हा बंद. पाचव्यांदा शेवंतानं वायर उपसली. नागसेनकडं बघायची तिची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी निजामपुऱ्यातला देवेश आला. चाळिशीचा, दुरुस्तीचं दुकान असलेला, शांत स्वभावाचा माणूस. त्यानं तासभर खटपट केली.

"मावशी, अपग्रेड मध्येच तुटलंय. जुनी सिस्टीम पण धड नाही, नवी पण नाही. मी दुकानात नेतो, सगळं पुसून नवीन टाकतो. संध्याकाळपर्यंत होईल."

"आतलं सगळं?"

"काही महत्त्वाचं आहे का?"

शेवंता गोंधळली. "फोटो असतील. हे रोज सकाळी बसायचे त्याच्यावर. पत्ते खेळत असतील."

"फोटो काढायचा प्रयत्न करतो. पण शब्द देत नाही." देवेशनं मशीनच्या मागच्या वायरी सोडवायला हात घातला.

नागसेन कधी उठला ते दोघांनाही कळलं नाही. त्यानं डावा हात मशीनवर ठेवला आणि सगळा भार टाकून उभा राहिला. "आता," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"काका, काळजी करू नका, मी नीट आणून देतो," देवेश मोठ्यानं बोलला, जणू समोरच्याला कमी ऐकू येतं. मग शेवंताकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "त्यांना त्रास होतोय वाटतं. आत घेऊन जाता का?"

शेवंता नवऱ्याजवळ गेली. त्याचा हात सोडवायला म्हणून तिनं धरला आणि तशीच थांबली. कारखान्यातल्या माणसाशी फोनवर बोलताना नागसेन जसा टेबलावर हात रोवून उभा राहायचा, तसाच तो उभा होता.

"देवेशभाऊ, राहू द्या," ती म्हणाली. "न्यायचं न्हाय. तुमच्या येण्याचे काय ते घ्या."

"मावशी, घरी नाही होणार हे."

"यांनी आयुष्यभर हेच केलंय," ती म्हणाली. देवेश नागसेनकडं बघत राहिला. बहुधा आल्यापासून पहिल्यांदाच. त्यानं पैसे घेतले नाहीत. जाताना मात्र नागसेनकडं बघून म्हणाला, "सर, अडलं तर फोन करा," आणि लगेच, आपण काय बोललो ते लक्षात येऊन, खाली मान घालून जिना उतरला.

शनिवारी सकाळी नागसेननं कामाला सुरुवात केली.

त्यानं शेवंताला टेबलाखाली वाकायला लावलं. प्रिंटरच्या वायरीकडं बोट. ती तिनं काढली. स्पीकरची; तीही काढली. फक्त स्क्रीन, कीबोर्ड, माऊस राहिला. मग त्यानं मशीन सुरू केलं आणि ठिपके फिरायला लागताच बटण दाबून धरलं, पूर्ण बंद होईपर्यंत.

"अहो, असं बंद करू नका म्हणतात ना?"

त्यानं दोन बोटं वर केली. अजून दोनदा. तिसऱ्या खेपेनंतर निळी स्क्रीन आली आणि तिच्यावर चौकोन उमटले. दुरुस्तीचं पान. शेवंतानं चष्मा लावून एकेक इंग्रजी अक्षर जुळवत वाचायला घेतलं. पूर्वी अक्षरं पटापट वाचणारा नागसेन आता अक्षरांच्या रांगेकडं नुसता बघत बसायचा, पण तिच्या तोंडून शब्द ऐकला की त्याला ओळखू यायचा. ती वाचायची, तो नकारार्थी बोट हलवायचा. 'मागच्या सिस्टीमवर परत जा' असं काहीसं तिनं वाचलं तसा त्यानं टेबलावर टिचकी मारली.

तिनं दाबलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं, जमलं नाही.

"आता," नागसेन पुटपुटला. हा 'आता' तिला लख्ख कळला. असं होणारच होतं, असा त्याचा अर्थ होता.

पुढचा चौकोन दाबताच स्क्रीन काळी झाली. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. नागसेननं खुर्ची पुढं ओढली, कीबोर्ड डावीकडं घेतला आणि एका बोटानं मशीनला द्यायच्या हुकमाची अक्षरं दाबायला लागला. पहिल्यांदा अक्षर चुकलं. त्यानं पुसलं. परत तेच चुकलं. कपाळावर घाम आला. शेवंताला वाटलं, आपण दाबावं, पण काय दाबायचं तेच तिला माहीत नव्हतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो काहीतरी करत असताना ती हात मागं घेऊन बसली होती. चौथ्या प्रयत्नात त्याचं बोट थबकलं, मग न बघता सरकलं आणि ओळ पुरी झाली. तोंडाला न सापडणारे शब्द त्या बोटात अजून शिल्लक होते.

स्क्रीनवर आकडे धावायला लागले. डिस्क तपासली जात होती. दीड तास लागला. दोघांनी तिथंच वरणभात खाल्ला. खाताना तो आकड्यांकडं बघत होता आणि ती त्याच्याकडं. लाइट जाऊ नये म्हणून ती मनातल्या मनात घोकत होती. लूम खडखडत राहिले.

मग तिनं पुन्हा मागं जाण्याचा चौकोन दाबला. या वेळी ठिपके फिरले, मशीन एकदा बंद झालं, सुरू झालं, आणि सुकन्याच्या लग्नातला फोटो मागं असलेली जुनी स्क्रीन उघडली. नव्या सिस्टीमचा मागमूस नव्हता. शेवंताच्या तोंडून "झालं!" निघालं. नागसेन हसला नाही. त्यानं खणातून पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात ठेवला. आधी सगळ्याच्या प्रती.

ती एकेक फोल्डर उघडून सरकवू लागली. वाढदिवस, विहारातल्या कार्यक्रमाच्या सूचना, कारखान्याचे जुने कागद. शेवटी एक फोल्डर राहिला. त्याला नाव नव्हतं. त्यात रोजची एक फाइल होती, जवळजवळ दीड महिन्याच्या तारखा. सकाळी सात ते आठ. ती स्वयंपाकघरात असायची ती वेळ.

तिनं पहिली उघडली. नुसती अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही. दहावी उघडली: 'घर घर गर'. नागसेननं तिला थांबवलं नाही. तो खिडकीकडं बघत होता. विसावीत 'पडघ' होतं. त्यानंतर पाच-सहा दिवस तोच शब्द, कधी काना राहिलेला, कधी घ उलटसुलट. मग 'पडघा नको'. मागच्या सोमवारच्या फाइलीत दोनच शब्द होते, बाकी पान कोरं:

'मल विचरा'

शेवंतानं चष्मा काढला. पडघ्याला जायचं तिनं आणि सुकन्यानं फोनवर ठरवलं होतं. खोली भाड्यानं द्यायचंही ठरलं. हे सगळं बोलणं याच खोलीत, याच पलंगाशेजारी बसून झालं होतं. तो "आता, आता" म्हणत होता आणि तिनं त्याला पाणी दिलं होतं.

"मी विचारलंच न्हाय," ती म्हणाली. "पत्ते खेळता असं वाटलं मला."

तो खिडकीकडून तिच्याकडं वळला.

"तुम्हाला इथंच राहायचं हाय?"

नागसेननं कीबोर्ड ओढला. खूप वेळ गेला. दोन अक्षरं उमटली आणि एक प्रश्नचिन्ह: 'तुल?'

तिला हे अपेक्षित नव्हतं. तुला काय हवंय, असं तिला पाच महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. तिनंही स्वतःला नाही. ती रडली नाही, पण बोलायला लागली तेव्हा आवाज फाटत होता.

"मला पण जायचं न्हाय. जावयाच्या घरी किती दिवस? पण मला झेपत न्हाय हो. सकाळी तुम्हाला आंघोळीला उचलते, तवा कमरेतून कळ मस्तकात जाते. एक दिवस दोघं पडू. म्हणून हो म्हटलं तिला. तुम्हाला कसं सांगणार होते?"

नागसेन ऐकत होता. नजर तिच्या चेहऱ्यावरून हलली नाही. मशीनचा बिघाड ऐकताना जसं ऐकायचा, कधीपासून होतंय, काय केल्यावर होतंय, तसं. मग त्यानं टाइप केलं: 'सकळी'. थांबला. पुढं: 'दतू'.

दत्तू हा त्याचा तीस वर्षांचा दोस्त. दोन गल्ल्या पलीकडं राहणारा, लूमवरून निवृत्त झालेला, अजून अंगानं दणकट. दुखण्याच्या पहिल्या आठवड्यात तो भेटायला आला तेव्हा नागसेन ढसाढसा रडला होता, आणि शेवंतानं पुढच्या दोन्ही वेळी दत्तूला दारातूनच परत पाठवलं होतं. यांना त्रास होतो म्हणून.

"तुम्हाला दत्तूला भेटायचं होतं?"

"आता," नागसेन म्हणाला.

रविवारी सुकन्या आली. टेम्पो आला नाही. आईनं आदल्या दिवशीच नको म्हणून कळवलं होतं. सुकन्या जिना चढतानाच चिडलेली होती. "पप्पांनी सांगितलं म्हणजे काय, आई? पप्पा कसे सांगतील?"

शेवंतानं काही समजावलं नाही. तिला वडिलांशेजारी खुर्ची दिली आणि कोरी फाइल उघडून ठेवली. "विचार त्यांना. आणि मधी बोलू नको."

सुकन्यानं विचारलं. नागसेनला उत्तर लिहायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या शब्दाच्या अर्ध्यावर सुकन्याला पुढचं कळलं, ती बोलायला गेली आणि तिनं ओठ मिटले. शेवटी तिनं पूर्ण ओळ वाचली, कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "बरं, पप्पा. पण जिन्याला आणि बाथरूमला दांडी बसवून देते मी. त्याला नाही म्हणायचं नाही."

त्यानं तळहात उलटा करून दाखवला. चालेल.

सोमवारी सकाळी सात वाजता खांद्यावर पंचा टाकून दत्तू दारात उभा राहिला. "जय भीम, नागसेन," तो म्हणाला. नागसेनचे डोळे भरून आले, आणि या वेळी शेवंतानं दार लोटलं नाही. दत्तूनं त्याला काखेतून उचललं, बाथरूमकडं नेलं. पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि त्यात दत्तूची बडबड, मध्ये मध्ये नागसेनचा तो एकच शब्द. शेवंतानं चहाला आधण ठेवलं. पाच महिन्यांनी तिला पहिल्यांदाच, सकाळच्या त्या वेळी, ओट्याशी नुसतं उभं राहता आलं.